उपायाविना अन्याय : तंजावरच्या राणीचा दावा आणि अपकृत्याच्या कायद्याची वाटचाल

तंजावरच्या मराठी राजवटीकडे मराठी अभ्यासकांनी मुख्यतः वाङ्मय आणि कला यांच्या अंगाने पाहिले आहे. शहाजीराजांच्या काळातील बहुभाषिक नाट्यरचना, सरफोजीराजांचा ग्रंथसंग्रह, १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, सरस्वती महालातील हस्तलिखिते आणि मोडी दप्तरे हे या अभ्यासाचे परिचित विषय होत. परंतु या राजवटीने मागे ठेवलेला एक मजकूर असा आहे, की जो आजही लंडनच्या आणि दिल्लीच्या न्यायालयांत वाचला जातो, आणि तो मात्र मराठीच्या अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटलेला आहे. हा मजकूर म्हणजे १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलने दिलेला, ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध कामाक्षीबाईसाहेब’ या दाव्याचा निकाल. कायद्याच्या इंग्रजी अहवालांत राणीचे नाव ‘कामाची बोये साहबा’ अशा काहीशा ओळखू न येणाऱ्या रूपात छापले गेले आहे. मराठी नाव तमिळ प्रदेशातील उच्चारातून इंग्रज लेखनिकाच्या कानापर्यंत पोहोचताना त्याचे जे झाले, त्यात या प्रकरणाची भाषिक स्थितीही दिसते.

हा दावा वरवर पाहता वारशाचा आणि मालमत्तेचा आहे. पण त्याने उभा केलेला प्रश्न अपकृत्याच्या कायद्याच्या मुळाशी जातो. एकाच्या कृत्याने वा हयगयीने दुसऱ्याच्या शरीराची, मालमत्तेची किंवा अब्रूची हानी झाली, तर ती भरून देण्याचे दायित्व कोणावर, हे ठरवणारा कायदा म्हणजे अपकृत्याचा कायदा. हानी करणारा शेजारी, व्यापारी वा गाडीवान असेल तर उत्तर तुलनेने सोपे असते. हानी करणारे खुद्द सरकार असेल तर काय, हा प्रश्न भारतीय न्यायालयांना दीडशेहून अधिक वर्षे छळत आला आहे. त्याची एक सुरुवात तंजावरच्या किल्ल्यात झाली, आणि त्याच्या अलीकडच्या पर्वातील एक महत्त्वाचा निर्णय पुन्हा तंजावर जिल्ह्यातील एका दुर्घटनेतून निघाला. या दोन टोकांमधील वाट येथे शोधावयाची आहे.

१. किल्ल्यातील जप्ती

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्थापन केलेल्या तंजावरच्या राज्याचा कारभार २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजीराजांकडे किल्ला, मानमरातब आणि ठरलेले वार्षिक उत्पन्न राहिले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्रसंतती नसताना वारले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये आणि नागपूरचे त्यानंतर काही वर्षांत खालसा झाले होते. तंजावरची गादीही वारसाअभावी संपली, असे कंपनीने ठरवले. यानंतरची घटना मात्र साताऱ्याहून वेगळ्या दिशेने गेली. ऑक्टोबर १८५६ मध्ये कंपनीच्या वतीने फोर्ब्स या अधिकाऱ्याने सैन्याच्या साहाय्याने राजवाडा ताब्यात घेतला आणि राजाची सारी मालमत्ता, दरबारी असो वा खाजगी, मोहरबंद केली.

राज्य गेले हे ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी न्यायालयापुढे नेले नाही. त्यांचे म्हणणे मर्यादित आणि म्हणूनच अडचणीचे होते. राजपद संपले असले तरी नवऱ्याचे दागिने, जमिनी, ग्रंथ आणि घरातील चीजवस्तू यांवर हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विधवेचा वारसा आहे, आणि कंपनीला त्यावर हात टाकण्याचा अधिकार नाही, असा त्यांचा दावा होता. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने राणीच्या बाजूने निकाल दिला. त्यावर अपील होऊन प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. तोवर कंपनीचे राज्य संपून १८५८ च्या कायद्याने हिंदुस्थानचा कारभार राणी व्हिक्टोरियाच्या नावाने चालू झाला होता. म्हणूनच निकालाच्या मथळ्यात कंपनीच्या जागी सेक्रेटरी ऑफ स्टेट आला.

लॉर्ड किंग्जडाउन यांनी सांगितलेला निर्णय तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी अशी, की तंजावरचा राजा कितीही दुबळा, करारांनी कितीही बांधलेला असला, तरी तो स्वतंत्र राज्याचा अधिपती होता. दुसरी अशी, की कंपनीने ही जप्ती एखाद्या खाजगी हक्कदाराप्रमाणे केलेली नसून सार्वभौम सत्तेच्या वतीने केली होती. तिसरी अशी, की दोन राज्यांमधील व्यवहार न्याय्य होता की अन्याय्य, शहाणपणाचा होता की अविचाराचा, हे ठरवण्याचे साधन देशांतर्गत न्यायालयांकडे नाही. एखादा अन्याय झाला असलाच, तरी तो असा अन्याय आहे की ज्यावर कोणतेही देशांतर्गत न्यायालय उपाय देऊ शकत नाही, अशा आशयाने निकालाची समाप्ती होते. राणीचा दावा फेटाळला गेला. ‘अ‍ॅक्ट ऑफ स्टेट’ म्हणजे राज्यकृत्य या तत्त्वाचा हा पुढे सर्वत्र उद्धृत होणारा आधार ठरला.

२. निकालाची रचना

तुलनात्मक साहित्याच्या दृष्टीने हा निकाल एका विशिष्ट रचनेमुळे लक्ष वेधतो. त्यात कबुली आणि नकार एकाच वाक्यविस्तारात येतात. जप्तीसाठी कंपनीकडे कायद्याचा आधार कोणता होता, हे कागदपत्रांतून सापडणे कठीण आहे, हे न्यायाधीश दडवत नाहीत. तरीही त्या आधाराचा अभाव राणीला उपयोगी पडत नाही. कारण कायद्याचा आधार नसणे हीच गोष्ट ते कृत्य कायद्याबाहेरचे, म्हणून न्यायालयाच्या पलीकडचे, असल्याचे चिन्ह ठरते. सामान्य नागरिकाच्या बाबतीत जी उणीव त्याला दोषी ठरवते, तीच सत्तेच्या बाबतीत तिचे संरक्षण करते.

यातील दुसरा विरोधाभास इतिहासाचा आहे. १७९९ नंतर तंजावरच्या राजाला स्वतःच्या मुलखात कारभार करण्याचा अधिकार उरला नव्हता. ती नाममात्र सार्वभौमता राजाच्या हयातीत त्याच्या फारशा उपयोगी पडली नाही. तो गेल्यावर मात्र तीच त्याच्या विधवेविरुद्ध उपयोगात आली. राजा स्वतंत्र, म्हणून त्याचे कुटुंब परके. कुटुंब परके, म्हणून त्यांना कंपनीविरुद्ध प्रजाजनांचा हक्क नाही. हक्क नाकारण्यासाठी बहाल केलेला हा मान होता.

तिसरी गोष्ट निकालाबाहेर घडली. १८६२ मध्ये मद्रास सरकारने राजाची खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली. म्हणजे मागितलेली वस्तू बऱ्याच अंशी मिळाली, परंतु मिळाली ती मेहेरबानी म्हणून. न्यायालयात मागितलेला हक्क आणि सरकारी हुकमाने आलेली मेहेरबानी यांत वस्तूचा फरक फारसा नसला, तरी नात्याचा फरक मोठा आहे. हक्क मागणारा समोर उभा राहतो. मेहेरबानी घेणारा खाली. पुढे राण्यांमध्येच या मालमत्तेवरून वाद झाला आणि १८६८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने जिजोयअंबाबाईसाहेब आणि कामाक्षीबाईसाहेब यांच्यातील दाव्यात अनेक विधवांनी मिळून एकत्रित वारसा घेण्याचा नियम मांडला. तो हिंदू वारसाकायद्याच्या ग्रंथांत दीर्घकाळ उद्धृत होत राहिला. ज्या राणीला सरकारविरुद्ध एक शब्द मिळाला नाही, तिच्या नावाने सवतींच्या हक्कांचा एक नियम उभा राहिला. घरातील भांडण कायद्याच्या कक्षेत आले, सरकारशी झालेले भांडण कक्षेबाहेर राहिले.

३. कलकत्त्याचा घोडा

तंजावरच्या निकालानंतर दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टापुढे एक क्षुल्लक वाटणारे प्रकरण आले. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजूर लोखंडाचा एक जड भाग रस्त्यावरून नेत होते. तो त्यांच्या हातून खाली पडला, त्या आवाजाने पी. अँड ओ. या जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा बिथरला आणि जखमी झाला. मागितलेली भरपाई ३५० रुपये. मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकार जबाबदार आहे असा निर्णय दिला. त्यामागील तर्क असा, की कंपनी ही एकाच वेळी राज्यकर्तीही होती आणि व्यापारीही. गोदी चालवणे हे कोणीही खाजगी इसम करू शकेल असे काम आहे. अशा कामातील हयगयीबद्दल सरकारने इतरांप्रमाणेच भरपाई द्यावी. परंतु केवळ सार्वभौम सत्तेलाच करता येतील अशा कामांतील हानीबद्दल हा नियम लागू नाही, असेही त्यांनी सुचवले.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की वसाहतकालीन न्यायाचे एक विलक्षण चित्र दिसते. राजवाड्यातील जप्तीला उपाय नाही. गोदीतील निष्काळजीपणाला आहे. हानी जितकी लहान आणि सरकार जितके व्यापाऱ्यासारखे, तितका न्याय जवळ. हानी जितकी मोठी आणि सरकार जितके सरकारसारखे, तितका न्याय दूर. पीकॉक यांची ही विभागणी पुढे राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाद्वारे स्वतंत्र भारतातही चालत आली. सरकारवर दावा लावता येईल, पण तो वसाहतकाळात जितक्या मर्यादेत लावता आला असता तितक्याच मर्यादेत, असा त्या अनुच्छेदाचा मथितार्थ आहे.

दोन्ही तत्त्वे एकसारखी नाहीत, हे येथे नोंदवले पाहिजे. राज्यकृत्याचे तत्त्व परक्यांविरुद्ध वापरावयाचे. ‘सार्वभौम कार्य’ हा अपवाद मात्र स्वतःच्या प्रजेविरुद्धही वापरता येतो. हा भेद मद्रास उच्च न्यायालयाने १८८२ च्या हरी भानजी प्रकरणात स्पष्ट केला. मिठावरील जकातीच्या त्या दाव्यात न्यायालयाने म्हटले, की सरकार स्वतःच्या प्रजाजनाविरुद्ध राज्यकृत्याची ढाल पुढे करू शकत नाही. त्या काळी या न्यायालयात तंजावर जिल्ह्यात जन्मलेले टी. मुथुस्वामी अय्यर न्यायाधीश होते. मद्रास उच्च न्यायालयातील ते पहिले भारतीय न्यायाधीश. ज्या शहराचा किल्ला मोहरबंद होताना अय्यर तरुण होते, त्या शहराच्या प्रकरणातून निघालेले तत्त्व त्यांच्या कारकिर्दीतच आखडते घेतले गेले.

४. सोन्याचे १०३ तोळे

स्वातंत्र्यानंतर हे तत्त्व नव्या राज्यघटनेपुढे टिकेल का, असा प्रश्न आला. १९५४ च्या वीरेंद्र सिंह प्रकरणात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या न्यायाधीशांनी, जोरकस नकार दिला. भारतीय राज्यघटना ही जनतेने स्वतःला दिलेली आहे. तिच्यापुढे जुन्या संस्थानची माणसे परकी राहत नाहीत. विजेता आणि जित असा भेद तिला ठाऊक नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. तंजावरच्या राणीच्या दाव्याला जे उत्तर १८५९ मध्ये मिळाले नव्हते, ते जणू येथे मिळते. पण ते टिकले नाही. १९६४ च्या व्होरा फिदाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने विलीन संस्थानांच्या देणग्यांबाबत राज्यकृत्याचे जुने तत्त्व पुन्हा मान्य केले.

अपकृत्याच्या बाबतीतही असेच मागेपुढे झाले. १९५६ मध्ये भारतीय विधी आयोगाने आपला पहिलाच अहवाल सरकारच्या अपकृत्य-दायित्वावर दिला आणि सार्वभौम व असार्वभौम हा भेद सोडून देण्याची शिफारस केली. १९६२ च्या विद्यावती प्रकरणात राजस्थान सरकारच्या जीपगाडीने झालेल्या अपघाती मृत्यूबद्दल सरकारला भरपाई द्यावी लागली. त्या निकालाने पीकॉक यांचा अपवाद मागे पडेल असे वाटले. परंतु १९६५ मध्ये कस्तुरीलाल प्रकरण आले. अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सप्टेंबर १९४७ मध्ये मेरठ येथे अटकेत पडला. त्याच्याकडील सुमारे १०३ तोळे सोने आणि चांदी पोलिसांनी जप्त केली. मालखान्यातील हेड कॉन्स्टेबल ते सोने घेऊन पाकिस्तानात पळाला. पोलिसांची हयगय सिद्ध झाली, तरीही भरपाई नाकारली गेली, कारण अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार होत.

हा निकाल सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. साताऱ्यात जन्मलेले, संस्कृत पंडितांच्या घराण्यातील आणि मुंबईच्या न्यायपरंपरेत घडलेले हे न्यायाधीश कामगारविषयक न्यायासाठी ख्यात होते. त्यांच्या निकालातही ती जुनी रचना पुन्हा दिसते. या स्थितीबद्दल न्यायालयाला समाधान वाटत नाही, सरकारचे दायित्व कायद्याने ठरवण्याची वेळ आली आहे, अशी खंत निकालात व्यक्त होते. तंजावरच्या निकालातील कबुली आणि नकार यांची जोडी शंभराहून अधिक वर्षांनी, स्वतंत्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, प्रजासत्ताकाच्या नागरिकाविरुद्ध उभी राहिली. संसदेपुढे या विषयाची विधेयके १९६५ आणि १९६७ मध्ये आली, पण कायदा झाला नाही.

वाट दुसरीकडून निघाली. १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी, निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला, आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज ३०,००० रुपये देण्याचा आदेश काढला. दिवाणी दाव्याच्या मार्गाने सार्वभौम कार्याचा अडथळा येत होता. मूलभूत हक्काच्या भंगाची भरपाई घटनेच्या ३२ व्या अनुच्छेदाखाली दिल्याने तो अडथळा वळसा घालून ओलांडता आला. १९९३ च्या निलबती बेहेरा प्रकरणात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी या भरपाईला सार्वजनिक कायद्यातील स्वतंत्र उपाय असे नाव दिले आणि कोठडीतील मृत्यूबद्दल १,५०,००० रुपये मंजूर केले. १९९४ च्या नागेंद्र राव प्रकरणात सार्वभौम कार्याचा जुना भेद आधुनिक कल्याणकारी राज्यात अर्थहीन झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. कस्तुरीलालचा निकाल औपचारिकपणे रद्द झालेला नाही, तरी त्याचा आधार आक्रसत गेला.

५. अब्रूचा कायदा आणि सत्ता

हानीच्या तीन प्रकारांपैकी अब्रूच्या बाबतीत सत्तेची भूमिका उलटी असते. येथे सत्ता बहुधा फिर्यादी असते. ‘अब्रू’ हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. अब्रू गेली म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी गेले. कायदा हे पाणी कोणाच्या चेहऱ्यावर राखतो, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातही आहे. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ पत्रांनी आवाज उठवला. कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले होते ती बनावट निघाली, आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. आगरकरांच्या डोंगरीच्या तुरुंगातील अनुभवांनी मराठी गद्यात एक पुस्तक दिले, हे साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. तंजावर आणि कोल्हापूर या दोन्ही भोसले घराण्यांच्या प्रकरणांत वसाहतवादी व्यवस्थेचा चेहरा सारखाच आहे. एकीकडे राजघराण्यावरील अन्यायाला न्यायालय नाही. दुसरीकडे त्या अन्यायाचा संशय व्यक्त करणाऱ्याला मात्र न्यायालय लगेच उपलब्ध आहे. बनावट पत्रांचा दोष खराच होता, तरी कायद्याची ही असमानता त्याने झाकली जात नाही.

याही क्षेत्रात नंतरचा टप्पा तमिळनाडूतून आला. १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शासन स्वतः नुकसानभरपाईसाठी अब्रुनुकसानीचा दावा लावू शकत नाही, आणि सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या अधिकृत कामासंबंधी लिहिलेल्या मजकुराबद्दल, तो खोटा आणि सत्याची पर्वा न करता लिहिलेला असल्याशिवाय, हा मार्ग खुला नाही. फौजदारी अब्रुनुकसानी मात्र टिकून राहिली. सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात २०१६ मध्ये ती घटनासंमत ठरली, आणि २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या ३५६ व्या कलमात ती आहे. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने मंत्र्यांच्या बोलण्याचा विचार करताना पुन्हा अपकृत्याच्या भाषेचा आधार घेतला. मंत्र्याचे नुसते विधान घटनात्मक अपकृत्य होत नाही. परंतु त्या विधानामुळे अधिकाऱ्यांच्या कृतीने वा निष्क्रियतेने कोणाची हानी झाली, तर ते अपकृत्य होऊ शकते. सत्तेचा शब्दही आता दायित्वाच्या हिशेबात येऊ लागला आहे.

६. कुंभकोणम

१६ जुलै २००४ रोजी तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे एका खाजगी अनुदानित शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. आग मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून पसरली. एकाच अरुंद इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या, जिने अरुंद होते. त्याआधी सात वर्षांपूर्वी, ७ जून १९९७ रोजी, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील कुंभाभिषेकाच्या वेळी यज्ञमंडपाला लागलेल्या आगीत ४० हून अधिक भाविक मरण पावले होते. त्याच आठवड्यात, १३ जून रोजी, दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ माणसे गेली. उपहारच्या पीडितांच्या संघटनेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये भरपाईचा निकाल लागला. त्यात केवळ मालकाची नव्हे, परवाना देणाऱ्या यंत्रणांचीही जबाबदारी तपासली गेली, पण त्या यंत्रणांना भरपाईच्या दायित्वातून मुक्त ठेवले गेले.

कुंभकोणमच्या प्रकरणाला दोन शाखा फुटल्या. पहिली फौजदारी. तंजावरच्या सत्र न्यायालयाने ३० जुलै २०१४ रोजी, घटनेनंतर दहा वर्षांनी, दहा जणांना दोषी आणि अकरा जणांना निर्दोष ठरवले. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षांमध्ये मोठी घट केली. दुसरी शाखा घटनात्मक. अविनाश मेहरोत्रा प्रकरणात १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनी लिहिलेल्या निकालाने असे म्हटले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क अंतर्भूत आहे. देशभरातील शाळांना आगविरोधी साधने आणि राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बांधकाम यांचे निर्देश देण्यात आले.

हयगयीच्या कायद्याच्या दृष्टीने ही दिशा महत्त्वाची आहे. पूर्वी न्यायालय हानी झाल्यावर दोष शोधत असे. येथे हानी होण्यापूर्वीची काळजी हीच राज्याची घटनात्मक जबाबदारी ठरते. ज्या जिल्ह्याच्या राणीला सरकारने केलेल्या हानीबद्दल दाद मागता आली नाही, त्या जिल्ह्यातील मुलांच्या मृत्यूतून राज्याला आधीच काळजी घेण्यास बांधणारा नियम निघाला.

तरीही भरपाईचे गणित कठीणच राहते. मुलाला उत्पन्न नसते, मग त्याच्या जाण्याची किंमत कशी करावयाची? १९८९ च्या जमशेदपूर येथील आगीत गेलेल्यांच्या भरपाईचा हिशेब माजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी केला होता. लता वाधवा प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाबतीतील रक्कम वाढवली, आणि गृहिणीच्या श्रमाचे मोलही नव्याने मोजले. अपघातविमा, नोकरी, वय आणि गुणक यांच्या तक्त्यांत आईबापांचे दुःख बसत नाही, ही जाणीव या निकालांच्या भाषेतून डोकावते. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळच्या कळिमेडू गावात रथोत्सवाच्या वेळी उच्चदाबाच्या वीजतारेचा स्पर्श होऊन ११ जण गेले, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. वीजतारांसारख्या धोकादायक वस्तूंच्या बाबतीत हयगय सिद्ध न करताही वितरण करणाऱ्यावर दायित्व येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये शैलकुमारी प्रकरणात मानले आहे. अपकृत्याच्या कायद्यातील ही एक कठोर पायरी. पण कायदा कितीही कठोर झाला, तरी तो हानीच्या मागून चालतो.

७. लंडनमधील प्रतिध्वनी

भारतात अशी वाटचाल होत असताना कामाक्षीबाईसाहेबांच्या दाव्याचे तत्त्व इंग्लंडमध्ये मरण पावलेले नव्हते. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने इराक आणि अफगाणिस्तान येथील लष्करी कारवायांत ब्रिटिश सैन्याने स्थानबद्ध केलेल्या परदेशी नागरिकांच्या अपकृत्य-दाव्यांवर निकाल दिला. त्यांपैकी एकाला शंभराहून अधिक दिवस स्थानबद्ध ठेवले होते. परदेशातील लष्करी कारवाईत सरकारी धोरणानुसार केलेली स्थानबद्धता ही ‘क्राउनचे राज्यकृत्य’ असून त्याबद्दल अपकृत्याची भरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या तत्त्वाचा वंशवृक्ष मांडताना जे जुने निकाल विचारात घेतले गेले, त्यांत तंजावरचा निकालही आहे. छळ किंवा अमानुष वागणूक यांना हे तत्त्व आश्रय देत नाही, ही मर्यादा मात्र स्पष्ट राहिली, आणि मानवी हक्कांच्या कायद्याखालील मार्ग स्वतंत्र ठेवला गेला.

तेव्हा १८५९ आणि २०१७ यांतील सातत्य असे आहे, की परकेपणा हाच न्यायाच्या दाराचा अडसर ठरतो. तंजावरची राणी परकी ठरवली गेली. अफगाणिस्तानातील स्थानबद्ध परका होताच. भारतीय न्यायालयांनी आपल्या नागरिकांपुरता हा अडसर हळूहळू सरकवला. नागरिक नसलेल्यांच्या बाबतीत तो कोणत्या देशात किती सरकला, हे पाहणे तुलनात्मक अभ्यासाचे पुढचे काम आहे.

मराठी भाषेच्या बाजूने पाहता या दीड शतकाच्या शब्दसंग्रहातच एक इतिहास साठलेला आहे. ‘अपकृत्य’ हा संस्कृतातून घडवलेला शब्द. ‘नुकसानभरपाई’, ‘अब्रू’, ‘इजा’, ‘फिर्याद’ हे फारसी-अरबी वळणाचे. ‘सरकार’ या शब्दाने तंजावरच्या महाराजांचाही उल्लेख होई आणि कलेक्टरच्या कचेरीचाही. ज्या भाषेत राजा आणि कचेरी या दोघांसाठी एकच शब्द आहे, त्या भाषेत सरकारविरुद्ध दाद मागणे ही कल्पना रुजायला वेळ लागणे साहजिक होते. कामाक्षीबाईसाहेबांनी ती मागितली. त्यांचा पराभव झाला, आणि त्या पराभवाचे शब्द कायद्याच्या ग्रंथांत तत्त्व म्हणून राहिले. तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना या मजकुराला त्याचे स्थान मिळाले पाहिजे. तो मराठीत लिहिलेला नाही आणि राणीच्या हातचाही नाही. परंतु एका मराठी राणीने विचारलेल्या प्रश्नाची ती सर्वात दीर्घायुषी नोंद आहे, आणि त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अद्याप लिहिले जात आहे.